सूट लागू असल्यास कारण

पत्र आलं हिंगोलीला, मार्चच्या तोंडाशी :
तालुक्यात कान तपासणारे, वाचा शिकवणारे
विनानोंदणी किती, यादी पाठवा.
रकाना सहा : सूट लागू असल्यास कारण.

माझी नोंदणी आहे. नंबर भिंतीवर, काचेत.
चार वर्षं शिकले त्या नंबरासाठी,
अन् शिकताना मलाही सूट होतीच की :
विद्यार्थिनी, देखरेखीखाली.
ज्यांच्या कानात पहिल्यांदा डोकावले
त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

सेनगावात स्टँडच्या मागं
मकबूल घड्याळवाल्याची टपरी.
पाटीवर तीनच ओळी :
घड्याळ. सेल. कानाची मशीन साफ करून मिळेल.
पदवी लिहिलेली नाही, डॉक्टर लिहिलेलं नाही.
म्हणजे पहिल्याच पोटकलमातून माणूस सुटतो.

"तपासता का?"
"तपासतो म्हंजे काय, मॅडम," डोळ्यावरचं भिंग न काढता,
"चावीचं घड्याळ कानाजवळ धरायचं
अन् एकेक वीत मागं न्यायचं.
चांगल्या कानाला तीन वीत जातंय टिकटिक.
एका वितीत मेलं तर तुमच्याकडं पाठवायलो.
चिठ्ठी नाही देत. माझं अक्षर कुठं चालतंय तिथं?"

आठवल्या मला बिनचिठ्ठीच्या बायका,
मंगळवारी दाराशी चपला काढून
"घड्याळवाल्यानं सांगितलं" म्हणणाऱ्या.
आधी केसपेपर काढा, म्हणून खेकसले होते मी.

पण हेही लिहायला हवं :
आजेगावची शिफा, डावा कान पूर्ण बंद,
याच्या घड्याळात पास.
तळहाताखाली झाकलेला उजवा कान
तिथूनच ऐकत होता सगळं.
दोन वर्षं ती बाईंकडं डावा कान करून बसली
आणि ढ ठरली.
"ते माझं चुकलं," मकबूल म्हणाला. चिमटा खाली ठेवला.
नोंदणी म्हणजे बहुतेक एवढंच,
कुठला कान दुसऱ्याचं काम करतोय ते ओळखणं.

पेटी उघडली. समोर संघर्ष खिल्लारे, वय सहा,
स्वतःचं नाव "संगस" सांगणारा.
कानातल्या मशीनच्या नळीला सायकलची व्हॉल्व्हट्यूब,
हात मकबूलचा. बसली होती मात्र घट्ट.
माझ्या यंत्राच्या पाठीवर चिकटवलेला कागद :
कॅलिब्रेशन, मागल्या एप्रिलपर्यंत वैध.
मकबूलनं वाचलं. बोलला नाही काही.
नुसतं आपल्या घड्याळाला चावी दिली
आणि माझ्यापुढं सरकवलं.

चित्रं दाखवत गेले. कप. पतंग.
"केयं," संघर्ष म्हणाला.
फुली मारली.
मागून त्याची आई, "जोरात म्हण ना बाप्पा, केयं."
बाहेर गाडेवाला ओरडत होता,
केयी, केयी, चायीसला डझन.
आणि माझी आई, वाशीमची,
मला डोयात काजळ घालायची.
वसतिगृहात तो य मी
रात्री आरशापुढं बसून
जिभेवरून खरवडून काढला होता, महिनाभर.

फुली खोडली. समासात लिहिलं : ळ, सूट.
देणारी मी कोण, ते नाही लिहिलं.

रकाना सहा अजून कोरा.
शेवटची हिंगोली गाडी साडेपाचला.
पेटी उचलली तसा मकबूल म्हणाला,
"दुसरा कान झाकायचा कसा, ते दाखवाल का?
मंगळवारी दुकान बंदच असतंय."
"देखरेखीखाली," मी म्हणाले, हळूच,
गाडेवाल्याच्या आवाजात बुडेल इतकं.

त्यानं भिंग कपाळावर चढवलं.
दोन्ही डोळ्यांनी पाहिलं माझ्याकडं.
"तुमच्या का माझ्या?"